रामरावांनी लिहून दिलेला राजीनामा

जालन्यात कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. पंचवीस वर्षं झाली. दावे, जबाब, शपथपत्रं, भाडेकरार, जे येईल ते मी उतरवतो आणि विसरतो. विसरलं नाही तर हा धंदा होत नाही. पण सरोजिनीताई मंठेकरांची हकीकत विसरता येत नाही, कारण तिच्यात माझाही हात आहे.

ताई आता अडुसष्ट वर्षांच्या आहेत. लग्न केलं नाही. सरकारी नोकरीत जुन्या कागदांच्या भाषांतराचं काम केलं आणि तिथूनच रिटायर झाल्या. आमच्या भागात जमिनीचे जुने कागद उर्दूत आहेत, कारण इथे निजामाचं राज्य होतं. ती उर्दूही साधी नाही. कारकुनांनी घाईघाईत, नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, न टाकता लिहिलेली, एका अक्षराला दुसरं चिकटलेली. चांगले शिकलेले मौलवीसुद्धा तो कागद डोळ्यांजवळ धरतात आणि परत देतात. ताई मात्र पेपर वाचावा तसा वाचायच्या. रिटायर झाल्यावरही वकील लोक त्यांच्याकडेच यायचे. ताई पेन्सिलीनं शाळेच्या वहीत कच्चं भाषांतर करायच्या, मग दुकानात माझ्याशेजारी बसून मला सांगायच्या. मी टाईप करायचो. "राधेश्याम, घाई करू नको," हे त्यांचं नेहमीचं. "मेलेला माणूस बोलून राह्यला आहे. त्याला मधे तोडायचं न्हाई."

उर्दू त्यांना वडिलांनी शिकवली. वडील नरहरराव, ज्यांना ताई अप्पा म्हणायच्या, निजामाच्या काळात भोकरदनच्या तहसिलीत अहलकार होते, म्हणजे कारकून. सत्तेचाळीस साली देश स्वतंत्र झाला, पण आम्ही झालो नाही. आमच्यासाठी सतरा सप्टेंबर अठ्ठेचाळीस उजाडावा लागला. भारताच्या पलटणी आल्या, चार-पाच दिवसांत निजामाचं सैन्य शरण आलं. दरवर्षी त्या दिवशी आमच्याकडे झेंडावंदन असतं. पण शरणागतीनंतर काय झालं, ते नरहररावांनी मुलीला सांगितलं होतं आणि ताई ते सगळ्यांना सांगायच्या.

दुसऱ्या आठवड्यात नरहरराव कचेरीत गेले, तर खुर्ची तीच, तहसीलदार तोच, शिक्का तोच. कागदाच्या माथ्यावर निजाम सरकारचं नाव आणि खाली हुकूम फौजी गव्हर्नरच्या अधिकारानं. हैदराबादेत निजाम गादीवर होताच. त्यानं भारताची राज्यघटना मान्य केली ती एकोणपन्नासच्या नोव्हेंबरात, आणि ती लागू झाली पन्नासच्या सव्वीस जानेवारीला. मधे सोळा महिने गेले. "त्या सोळा महिन्यांत आपण कुणाची रयत होतो, हे मला एकाही साहेबानं बराबर सांगितलं न्हाई," असं नरहरराव म्हणायचे. "निजाम हरलेला, भारत अजून कागदावर आलेला नाही. मी सह्या करत होतो, पण कुणाच्या वतीनं?"

ताई हे हसत सांगायच्या. वडिलांची आठवण होती ती, दुसरं काही नाही.

ही आठवण सर्वांत जास्त वेळा ऐकली असेल तर सुयशनं. सुयश म्हणजे ताईंच्या भावाचा मुलगा. भावाची नोकरी बदलीची, म्हणून पोरगा चौथीपासून आत्याकडे जालन्यात राहिला. पुढे भाऊ गेला, वहिनी माहेरी परभणीला राहिली, पण सुयशनं आत्याचं घर सोडलं नाही. ताईंनी त्याला वकील केलं. तो पहिल्यांदा काळा कोट घालून निघाला त्या दिवशी ताई पेढे घेऊन माझ्या दुकानात आल्या होत्या. "आता माझ्या कागदांना आवाज मिळाला," असं म्हणाल्या होत्या.

सुयश हुशार. बोलायला गोड. दहा वर्षांत त्याचं ऑफिस माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर झालं आणि माझं अर्धं काम त्याच्याकडूनच येऊ लागलं.

तीन वर्षांपूर्वी त्याच्याकडे शौनक जहागीरदार नावाचा एक इंजिनिअर आला. पुण्यात राहणारा, पस्तिशीचा. त्याचे आजोबा रामराव जाफराबादकडच्या बोरवाकडी गावाचे जहागीरदार होते. गावाशेजारून नवा रस्ता जाणार अशी बातमी होती. रस्त्याला लागून चौदा एकर काळी जमीन. ती जमीन आज कचरू आणि नंदाबाई हे नवराबायको कसतात, कापूस आणि सोयाबीन घेतात. कचरूच्या वडिलांचं नाव कारभारी. शौनकचं म्हणणं असं की जमीन मूळची आमची, शरणागतीनंतरच्या गोंधळात कारभारीनं ती लाटली. त्याच्या घरात आजोबांची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात त्या जमिनीचे दोन उर्दू कागद सापडले. शौनकला उर्दू येत नाही, सुयशलाही येत नाही. सुयशनं ते आत्याकडे दिले.

ताईंनी दोन दिवस घेतले आणि दुपारी दुकानात येऊन बसल्या. पहिला कागद तहसिलीचा हुकूम होता. इस्फंदार १३५८ फसली, म्हणजे जानेवारी एकोणपन्नास. बोरवाकडीची अमुक नंबरची जमीन कारभारी वल्द सखाराम, म्हणजे सखारामचा मुलगा, याच्या नावे पट्ट्यानं करण्यात येते, खाली तहसीलदाराची सही. तो मी टाईप केला.

दुसरा कागद ताईंनी हातात घेतला. चष्मा पुसला.

"याला राजीनामा म्हणतात," त्या म्हणाल्या. "आपण नोकरीचा देतो तो नव्हे. जमिनीचा. मालक आपल्या राजीखुशीनं हक्क सोडतो, त्याचा कागद. लिही."

मी लिहीत गेलो. मला ते अजून तोंडपाठ आहे. 'मी रामराव, जहागीरदार मौजे बोरवाकडी, पूर्ण शुद्धीत लिहून देतो की गेल्या भादव्यात गडबडीच्या दिवसांत माझी म्हातारी आई, बायको आणि तीन लेकरं कारभारीनं कडब्याच्या गाडीत घालून हद्दीपार वऱ्हाडात पोचवली. वाटेत दोनदा गाडी अडवली. त्यानं मार खाल्ला पण तोंड उघडलं नाही. त्याचा डावा हात तेव्हापासून वर जात नाही. मी जमिनीचा मालक असलो तरी माझी माणसं त्याच्यामुळे आहेत. कोणाचाही जोर न होता चौदा एकर त्याला देतो. माझ्या वारसांनी यावर कधी दावा सांगू नये. सांगितला तर तो माझ्या रक्ताशी दावा समजावा.' खाली सही आणि दोन साक्षीदार.

टायपिंग संपलं.

"आता दावा कसला," ताई म्हणाल्या. "त्या पोरानं बोरवाकडीला जाऊन पाया पडून यावं."

दोन पानं निघाली. प्रत्येकाच्या खाली मधोमध मी आकडे टाकले होते, १/२ आणि २/२. तिसऱ्या कागदावर 'वरील भाषांतर माझ्या माहितीप्रमाणे खरे व बिनचूक आहे' असा ताईंचा दाखला आणि सही. सुयश खाली आला तेव्हा ताईंनी त्याला दुसरं पान स्वतः वाचून दाखवलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "भारीच आहे, आत्या. बघतो मी. शौनकशी बोलतो."

ताई खूश होऊन घरी गेल्या.

पाच-सहा दिवसांनी सुयश एकटा दुकानात आला. म्हणाला, "राधेश्याम, ते भाषांतर आहे ना कॉम्प्युटरमध्ये? पहिलं पान परत काढ. खालचं ते एक बटा दोन काढून टाक. साधं एक नंबर टाक."

"आणि दुसरं?"

"दुसरं नको."

मी विचारलं नाही. मी कधीच विचारत नाही. आकडा खोडायला अर्धं मिनिटही लागलं नाही. पान काढून दिलं. त्यानं मागे ताईंचा सहीचा दाखला जोडला आणि स्टेपल केलं. जाताना सांगितलं, "फाईल डिलीट करून टाक, जागा कशाला अडवायची." तेही मी केलं.

दावा दाखल झाला. त्यात राजीनाम्याचा एक शब्द नव्हता. होतं ते असं: सतरा सप्टेंबर अठ्ठेचाळीसला निजामाचं सैन्य शरण आलं, पण सैन्य शरण येणं म्हणजे प्रदेश भारतात सामील होणं नव्हे. विलीनीकरणाच्या करारावर निजामाची सही नाही. सव्वीस जानेवारी पन्नासपर्यंत या प्रदेशाची कायदेशीर स्थिती वादग्रस्त होती. निजामाचा अधिकार संपलेला आणि भारताचा सुरू न झालेला. अशा मधल्या काळात जहागीरदाराची जमीन दुसऱ्याला देण्याचा अधिकार तहसीलदाराला कोणी दिला? तो हुकूम मुळातच रद्द आहे.

हे मी स्वतः टाईप केलं. टाईप करताना मला ताईंचा आवाज ऐकू येत होता. 'मी सह्या करत होतो, पण कुणाच्या वतीनं?' जेवताना ऐकलेली आजोबांची गोष्ट नातवानं दाव्याच्या चौथ्या कलमात घातली होती.

मी ताईंना काही बोललो नाही.

आठ महिन्यांनी एक दिवस दुकानासमोर एक बाई उभी राहिली. डोक्यावरून पदर, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कोर्टाचे कागद. जाफराबादहून सकाळच्या एसटीनं आली होती.

"भाषांतर करणाऱ्या मंठेकर बाई कुठं राह्यत्यात?"

नंदाबाई होती ती. मी घर सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण का कोण जाणे, सोबत गेलो. ताईंनी दार उघडलं. नंदाबाईनं पायरीवरूनच कागद पुढे केला, शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"ही सही तुमचीच न्हं?"

"माझीच. का?"

"मंग एवढंच इचारायला आल्ते. तुम्ही आम्हाला पाहेलं न्हाई, आम्ही तुम्हाला पाहेलं न्हाई. आम्ही काय वाकडं केल्तं तुमचं? तुमच्या सहीनं कोर्टात गेलं की माझ्या सासऱ्यानं पलटणीच्या काळात जमीन दाबली."

ताईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "अहो, तुमच्या सासऱ्यांना तर रामरावांनी आपल्या हातानं... राजीनामा आहे ना त्यात. मीच केलाय." असं म्हणत त्यांनी कागद उलटला. पहिलं पान. मग दाखला. परत उलटला. पानाच्या खालचा नुसता '१' बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"राधेश्याम, पानं किती होती?"

"दोन."

"मग?"

मी सगळं सांगितलं. नंदाबाईसमोर सांगितलं. अर्धं मिनिटही लागलं नाही हेही सांगितलं. ताईंनी आतून वही आणली. नंदाबाईला त्यांनी वहीतलं कच्चं भाषांतर सावकाश वाचून दाखवलं. डावा हात वर जात नाही, या ओळीला नंदाबाईनं तोंडाला पदर लावला.

"मामांजींचा हात तसाच व्हता मरेपर्यंत," ती म्हणाली. "इचारलं तर म्हनायचे, बैलानं मारला. कधी सांगितलंच न्हाई त्यान्नी. आमच्या घरात कुनालाच ठावं न्हाई हे."

त्याच संध्याकाळी ताई सुयशच्या ऑफिसात गेल्या. मी तिथे टाईप केलेले कागद द्यायला गेलो होतो, मला उठून जायला कुणी सांगितलं नाही.

"दुसरा कागद कुठे आहे?"

"शौनककडे. मूळ कागद पक्षकाराचे असतात, आत्या, परत दिले."

"तू दाखल का नाही केलास?"

"आपल्या विरोधातला कागद आपण होऊन द्यायचा, असं कुठल्या कायद्यात आहे? मी खोटं काहीच दिलेलं नाही. पहिलं पान खरं आहे ना? तुझाच शब्द आहे."

"अर्धा शब्द आहे."

"कोर्टात अर्धाच लागतो."

ताई दारापर्यंत जाऊन परत वळल्या. मग म्हणाल्या, "आणि अप्पांची गोष्ट? ती मी तुला दाव्यात घालायला सांगितली होती का रे?"

सुयशनं पहिल्यांदा मान खाली घातली. पण लगेच वर केली. "मुद्दा कायद्याचा आहे. आणि मुद्दा चांगला आहे. तुला माहीत आहे तो चांगला आहे."

ताई जिना उतरल्या. दुसऱ्या दिवशी त्या कचरूच्या वकीलबाईंकडे गेल्या. कल्याणी नावाच्या तरुण वकील आहेत, बदनापूरहून रोज येजा करतात. कल्याणीबाईंनी मूळ राजीनामा हजर करण्याची नोटीस काढली. शौनकनं उत्तर दिलं, असा कोणताही कागद आमच्याकडे नाही आणि कधी नव्हता. मूळ कागद गेला तो गेलाच. आता राहिलं होतं ते ताईंचं तोंड, त्यांची वही आणि मी.

ताई साक्षीला उभ्या राहिल्या तो दिवस मी विसरणार नाही. करड्या रंगाची सुती साडी, केस घट्ट बांधलेले. कल्याणीबाईंनी विचारलं ते त्यांनी नीट सांगितलं, दोन कागद होते, दुसऱ्यात काय होतं. मग सुयश उलटतपासणीला उठला.

"साक्षीदार बाई, आपलं वय काय?"

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. वीस वर्षं ज्याचा डबा भरला तो पोरगा त्यांना वय विचारत होता. "सदुसष्ट."

"मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय?"

"झालंय. तूच नेलं होतंस."

कोर्टात थोडं हसू झालं. न्यायाधीशांनी सांगितलं, विचारलं तेवढंच बोला.

"उर्दूची कोणती परीक्षा पास आहात?"

"परीक्षा नाही. वडिलांनी शिकवली."

"म्हणजे प्रमाणपत्र नाही. ही वही घरात असते? तिच्यात पेन्सिलीनं कधीही लिहिता येतं? आज सकाळीही लिहिता आलं असतं?"

"आलं असतं. लिहिलं नाही."

"आपल्या सहीच्या दाखल्यात दोन कागदांचा उल्लेख आहे?"

"नाही. 'वरील भाषांतर' असं आहे."

"आणि वर एकच पान आहे. बरोबर?"

ताई बोलल्या नाहीत.

"साक्षीदारानं उत्तर दिलं नाही, अशी नोंद व्हावी," सुयश म्हणाला.

त्या खाली उतरल्या तेव्हा कठड्याला धरून उतरल्या. एरवी जिना चढताना कुणी हात दिला तरी त्या घेत नसत.

पुढच्या तारखेला माझी साक्ष होती. ताई दोन दिवस आधी दुकानात येऊन बसल्या होत्या. "तुला जास्त काही सांगायचं नाही," त्या म्हणाल्या, "पानं दोन होती, एवढंच सांग." मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो.

आदल्या दिवशी सुयश आला. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. माझ्या स्टुलावर बसून चहा घेतला. "राधेश्याम, तू सांगणार तर सांग. पण विचार कर. आकडा कुणी बदलला? तू. फाईल कुणी उडवली? तू. मी सांगितलं याचा काही लेखी पुरावा आहे? कागदात फेरफार केला म्हणून उद्या गुन्हा कुणावर लागेल?" मग खिशातून रुमाल काढून कप ठेवलेली जागा पुसली आणि वर निघून गेला.

मी पिंजऱ्यात उभा राहिलो. कल्याणीबाईंनी विचारलं, "या भाषांतराची तुम्ही एकूण किती पानं टाईप केली?"

समोरच्या बाकावर ताई होत्या. त्यांच्या शेजारी नंदाबाई आणि कचरू. कचरू मला पहिल्यांदाच दिसत होता, टोपी मांडीवर ठेवून बसलेला.

"आठवत नाही," मी म्हणालो. "रोज शेकडो पानं असतात."

कल्याणीबाईंनी तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं. तीनदा मी तेच सांगितलं. तिसऱ्यांदा ताई उठून बाहेर गेल्या.

निकाल गेल्या वर्षी लागला. लोकांना वाटतं जो खोटं वागतो तो हरतो. शौनकचा दावा फेटाळला गेला हे खरं. न्यायाधीशांनी लिहिलं की शरणागतीनंतर प्रदेशाची कायदेशीर स्थिती काहीही असो, प्रत्यक्षात जो अंमल चालू होता त्यानं नेहमीच्या कारभारात केलेली कामं पुढच्या कोणत्याही कायद्यानं मोडलेली नाहीत. सोळा महिन्यांत जन्मलेली मुलं, झालेली लग्नं, नोंदलेले फेरफार काही कुणी रद्द धरत नाही. हुकूम कायम. जमीन कचरूची.

पण पुढे आणखी एक परिच्छेद होता. प्रतिवादींनी सांगितलेला राजीनामा सिद्ध होत नाही. भाषांतरकार साक्षीदार पुरेशा विश्वासार्ह वाटत नाहीत, टायपिस्टनं त्यांना दुजोरा दिलेला नाही. सबब सदर जमीन तत्कालीन प्रशासनानं जहागीरदाराकडून काढून कारभारी यास दिली, असंच धरावं लागतं.

काढून दिली. आता हे कायमचं कोर्टाच्या कागदावर आहे.

ताईंनी निकालाची नक्कल घरी नेऊन वाचली म्हणतात. त्यानंतर त्यांनी भाषांतराचं काम घेतलं नाही. एक वकील परतूरहून गाडी घेऊन आले होते, त्यांना दारातूनच सांगितलं, "माझ्या सहीवर विश्वास ठेवू नका, कोर्टानंच लिहिलंय." सुयशनं आधीच वेगळा फ्लॅट घेतला होता. तो पाडव्याला मिठाई घेऊन आत्याकडे गेला. ताईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "या, बसा. चहा घ्याल का?" मला हे त्यांच्या शेजारणीनं सांगितलं. चौथीपासून ज्याला अरे-तुरे केलं त्याला 'तुम्ही'. सुयश पाच मिनिटं बसला, म्हणाला, "आत्या, असं नको करू." ताई म्हणाल्या, "तुमचं काही चुकलं नाही. कायद्यात बसतं ते सगळं." मिठाईचा डबा त्यांनी ठेवून घेतला, पाहुण्याचा घेतात तसा.

माझं काय? मी महिनाभर गेलो नाही. मग एका रविवारी गेलो. दारात उभं राहून म्हणालो, "ताई, मला आठवत होतं."

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पण माझ्याकडे कशाला आलास? माझी काही जमीन नव्हती. बोरवाकडीला जा."

जाफराबादपर्यंत एसटी आणि तिथून जीपगाडी. कचरू शेतात होता, सोयाबीनची मळणी चालू होती. मी बांधावर उभा राहून सांगितलं. मळणीयंत्राच्या आवाजात त्याला ऐकू आलं नाही, म्हणून परत सांगितलं. त्यानं यंत्र बंद करायला लावलं. नंदाबाई टोपली घेऊन आली आणि तिथेच थांबली.

"जमीन तं राह्यली," कचरू म्हणाला. "जमिनीचं न्हाई म्हनत मी. पण गावात लोक काय म्हनून राह्यले, माहितंय का? कोर्टानं लिवलं, काढून दिली. माझ्या बापानं मार खाऊन कमावल्ती, अन् आता नातवंडांना लोक दाबलेल्या जमिनीचे म्हनतेत. बापानं तोंड उघडलं न्हाई, ते त्याचं त्यानं ठरवल्तं. तुम्ही कामून न्हाई उघडलं?"

नंदाबाई म्हणाली, "जाऊ द्या, पाहुने लांबून आले." आणि तिनं मला भाकरी खाऊ घातली.

शौनकनं वरच्या कोर्टात अपील केलं आहे. तिथेही त्याच सोळा महिन्यांचा मुद्दा आहे, शरण आलेला प्रदेश कुणाचा. कल्याणीबाईंनी त्या अपिलात माझं शपथपत्र दाखल केलं आहे. पानं दोन होती, आकडा मी खोडला, फाईल मी उडवली, साक्षीत मी खोटं बोललो, असं चार कलमांत. ते मी स्वतःच टाईप केलं. सुयशकडून उत्तर आलं आहे. साक्षीदार दोन वेळा दोन प्रकारे बोलतो, त्याच्यावर खोट्या साक्षीबद्दल कारवाई व्हावी. कायद्यानं त्याचं म्हणणं बरोबर आहे. कदाचित कोर्ट माझं ऐकणारच नाही. वरच्या मजल्यावरचं काम बंद झालं, ते होणारच होतं.

शपथपत्राची एक नक्कल मी ताईंच्या घरी नेऊन दिली. त्यांनी दारातच उभ्या राहून चष्मा लावला, सगळी कलमं वाचली. तिसऱ्या कलमात एक काना राहिला होता, तो बोटानं दाखवला. मग कागद माझ्या हातात परत देऊन दार लावून घेतलं.